आई सेल्फी काढत नव्हती: धबधब्यांच्या वाटांबद्दल

कोडोलीची लेक

परवा इथेच, आपल्या चर्चेच्या पानावर, माचीपेठ यांनी लिहिलं होतं, "धबधब्यावर मरणारे आणि हातपाय मोडून घेणारे सगळे स्वतःच्या मस्तीनं पडतात. जून ते सप्टेंबर सगळे धबधबे बंद ठेवा, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आज बसवत नाही.

माझी आई त्रेसष्ट वर्षांची आहे. गेल्या श्रावणात तिला धबधबा बघायचा होता. गर्दी नको म्हणून आम्ही मुद्दाम मंगळवारी गेलो. ठिकाणाचं नाव घेत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला आहे एवढं पुरे. तिथल्या गावातल्या पोरांनीच आईला उचलून वर आणलं, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. माणशी तिकीट काढलं, गाडीचे पैसे वेगळे दिले. आईच्या पायात पट्ट्याच्या, चांगल्या पकडीच्या सँडल होत्या. ती पाण्याजवळ गेली नाही, कठड्यावर चढली नाही. तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

बांधलेल्या वाटेवर, तिसऱ्या वळणाखाली, सहा-सहा इंचांच्या पायऱ्या चालल्या होत्या आणि मधेच एक फूटभर खोल पायरी आली. वर हिरवंगार शेवाळ. आईनं आधाराला लोखंडी पाइप धरला, तो बुडातूनच हलला. घोटा दोन ठिकाणी मोडला. आत प्लेट आहे, अजून जिना उतरताना ती भिंतीला हात लावून उतरते.

खाली स्ट्रेचर नव्हतं. पोरांनी दोन बांबू आणि चादरीची झोळी केली. पंधरा मिनिटांची वाट चढायला सव्वा तास लागला. एक जण पुढे पायऱ्या ओरडून सांगत होता, "मोठी आली, मोठी आली." म्हणजे कुठली पायरी कशी आहे हे त्यांना पाठ होतं.

प्रवेशद्वाराशी फलक आहे, "पाय घसरण्याची शक्यता, पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे." पाय घसरतो हे फलक रंगवणाऱ्याला ठाऊक होतं. मग रंगाचा डबा आणला त्या दिवशी तारेचा ब्रश का आणला नाही?

मला डोंगरात मॉल नको आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधी कुणीतरी ती वाट वरून खाली चालून बघावी. पायऱ्या एका उंचीच्या असाव्यात. आठवड्यातून एकदा शेवाळ घासावं. रेलिंगला अंगाचा भार देऊन बघावा. खाली एक स्ट्रेचर आणि शिट्टी घेतलेला एक माणूस असावा. तिकिटाचे पैसे घेता तर एवढं द्या. यात मस्तीचा प्रश्न कुठे आला ते माचीपेठ यांनी सांगावं.

माचीपेठ

ताई, आईंचं वाईट झालं. त्यांना मी मस्तीखोर म्हटलेलं नाही. पण एका पायरीवरून तुम्ही सगळ्यांना निर्दोष सोडताय. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागे एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे पायरी मोडकी होती का? प्रवाहात मधोमध उभे होते. त्याच वर्षी ऑगस्टात आपल्या साताऱ्याजवळच्या बोरणे घाटात एक मुलगी दरीत पडली, होमगार्डनं दोर लावून उतरून तिला वर काढलं. तेव्हा धबधब्यांवर बंदी होती. बंदी असताना लोक येतात, याला तुम्ही काय करणार?

आणि आमचं कोण ऐकतं? घर साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्यावर, यवतेश्वरच्या चढालगत आहे. रविवारी सकाळी नऊपासून दूध आणायला बाहेर पडता येत नाही. गेल्या पावसाळ्यात वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी पाऊण तास जागची हलली नाही. पुढच्या गाडीच्या टपावर एक पोरगा उघडा बसून नाचत होता. वडील वाचले, पण तो पाऊण तास मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दारातल्या गटारात बाटल्याच बाटल्या. म्हणून म्हणतो, बंद करा.

घाटवाट

दोघांशीही असहमत. वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. वाट जितकी सोपी कराल तितकी तयारी नसलेली माणसं पुढे जातील. रेलिंग लागली की लोकांना वाटतं इथे धोका नाही. भांबवलीचा वजराई धबधबा ५६० मीटरचा सांगतात, तीन टप्प्यांत पडतो. तो समोरून बघायचा. ठोसेघरलाही समोरच्या बाजूनं बघायचं, तेच बरोबर आहे. प्रत्येक डोहापर्यंत पायऱ्या कशाला? डोंगराला डोंगर राहू द्या. ज्याला जमतं तो जाईल.

कोडोलीची लेक

घाटवाट, "ज्याला जमतं तो जाईल" हा नियम असेल तर दारात तिकीट फाडू नका. तिकीट घेतलं, पायऱ्या बांधल्या, पाइप रोवला, म्हणजे "या" असं तुम्हीच सांगितलंत. आई तुमच्या घाटवाटेनं गेली नव्हती.

माचीपेठ, वडिलांचं वाचून पोटात कालवलं. पण त्या पोराला टपावरून खाली उतरवायला पोलीस हवा होता. माझ्या आईला धबधबा बंद करून तुमच्या दारातली गर्दी कशी हटणार?

परळी खोरं

मी गेटवर असतो. कंच्या गेटवर ते सांगत न्हाई. ताई, तुमी लिवलंय त्यातलं खोटं काय बी न्हाई. पर आमची बी बाजू ऐका.

पावसाळ्यात आमी आठ-धा पोरं रोजावर असतो. रविवारी एवढी गर्दी की पावती फाडायला हात पुरत न्हाई. खाली दोगं, वर दोगं, बाकीची पार्किंगला. मागल्या साली मी स्वता पाच जणांना झोळीतनं वर आणलं. एकाला बी पाण्यात न्हाई लागलं, सगळी वाटंवर पडली. दारू पिल्याली त्यातली दोन. एक बारकी पोर हुती, सात-आठ वर्साची, बापाचा हात धरून चालली हुती.

पायऱ्या आमी बांधल्या न्हाईत. निधी आला, ठेकेदार आला, उन्हाळ्यात दीड म्हैन्यात बांधून गेला. पुन्यांदा तोंड दावलं न्हाई. आमी म्हणलं वरची माती भुसभुशीत हाय, पाण्याला चर काढा. म्हणला इस्टिमेटात न्हाई.

आनि पाण्याचं सांगतो. माचीपेठ, खाली हुबं राहिल्याला मानूस मस्तीतच असतोय असं न्हाई. वर सडा हाय, सगळा कातूळ. त्यात पाणी मुरत न्हाई. वर सर आली की खाली ऊन पडल्यालं असताना बी धा मिंटात लोंढा येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की आमी शिट्टी मारतो. बाहेरगावच्या मानसाला ही खूण कशी कळंल? त्येला कुणी सांगितल्याली असती का?

माचीपेठ

गढूळ पाण्याची खूण मला माहीत नव्हती. जन्म साताऱ्यात गेला तरी. हे मान्य करतो. बाकीचं मान्य नाही.

वाईकर

"लोकांची चूक" हे ऐकलं की मला २५ जानेवारी २००५ आठवते. वाईजवळच्या मांढरदेवच्या यात्रेतली चेंगराचेंगरी. मी अकरावीत होतो, शेजारच्या घरातली दोन माणसं गेली. सगळी मिळून तीनशेच्या आसपास गेली. दुसऱ्या दिवशी वाईच्या एसटी स्टँडवर लोक काय बोलत होते, तर अडाणी माणसं, एवढी गर्दी करतात कशाला, मरणारच. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दुकानं, पायऱ्या नारळाच्या पाण्यानं निसरड्या, दुकानांतली सिलिंडरं पेटली. यातलं काय भक्तांनी बांधलं होतं? पुढे चौकशीला कोचर आयोग बसला तेव्हा कुठे वाटेबद्दल, दुकानांबद्दल, बंदोबस्ताबद्दल बोलणं सुरू झालं. मेलेल्या माणसाला दोष देणं सगळ्यात सोपं. तो उत्तर द्यायला येत नाही.

माचीपेठ

मांढरदेवची तुलना इथे लावू नका. तिथे लाखो माणसं होती.

वाईकर

बरं, पुण्याजवळचा कुंडमळा घ्या. १५ जून २०२५, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक होता. फलक होता आणि पूल उघडा होता! ताईंच्या आईंच्या वाटेवरही फलकच होता.

पाथरवटाचा नातू

पायऱ्यांवर बोलायचं तर मूळ दुखणं दगड सोडला हे आहे. आजोबा पाथरवट होते, घाटातली कामं केलेली. त्यांचं म्हणणं, पायरी गुळगुळीत केली की ती पायरी राहिली नाही. काळ्या दगडाच्या चिऱ्यावर टाकीचे, म्हणजे छिन्नीचे, बारीक घाव मारायचे, तळपायाला खरखर लागली पाहिजे. सज्जनगडला किंवा कुठल्याही जुन्या घाटाला अनवाणी चालून बघा. आता शहाबादी फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक. पहिल्या पावसात फरशीचा साबण होतो. ब्लॉकखालची कच वाहून जाते, एक ब्लॉक खचतो, एक वर येतो. ताईंच्या आईंची फूटभर पायरी अशीच झाली असणार, खालची खचून.

साइटवरचा (कऱ्हाड)

पंधरा वर्षं सिव्हिलची कामं करतोय. हे दगडाचं कौतुक ऐकून कंटाळलो. घडीव दगडाची पायरी डोंगरात नेणार कशी? डोक्यावर? टाकी मारणारी माणसं उरलीत किती, आणि त्यांची मजुरी कुठल्या दरपत्रकात बसते? काँक्रीट ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या की त्यावर पाय घसरत नाही. त्याला खर्च शून्य येतो. कुणी करत नाही, कारण बिल काढायला आलेल्याला गुळगुळीत काम "सफाईदार" दिसतं. मटेरियलला शिव्या घालू नका.

पाथरवटाचा नातू

माणसं उरली नाहीत कारण तुमच्यासारख्यांनी त्यांना काम दिलं नाही. आमच्या आळीत अजून सहा घरं टाकी धरतात, मूर्ती आणि जात्या-पाट्यावर पोट भरतात. दगड तिथल्या ओढ्यात पडलेलाच असतो, डोक्यावरून न्यावा लागत नाही. आणि खराट्याच्या रेघा किती टिकतात हो? हजारो पाय पडतात, दोन हंगामांत रेघ गायब. वर शेवाळ बसलं की तुमचं काँक्रीट आणि काच सारखंच.

साइटवरचा (कऱ्हाड)

ओढ्यातला दगड उचलायचा? वनखात्याच्या हद्दीतला? आधी परवानगी काढून दाखवा. आणि शेवाळ दगडावर बसत नाही का? सावलीतल्या ओल्या दगडावर आधी बसतं!

घाटवाट

म्हणूनच म्हणतो, काहीच बांधू नका. मुरुमाची पायवाट पावसात धरते. काँक्रीटनं डोंगराचा सत्यानाश केलाय.

साइटवरचा (कऱ्हाड)

मुरुमाची वाट? २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. मी तेव्हा त्या भागात रस्ता मोकळा करायच्या कामावर होतो. चिखलात गुडघ्याएवढा उभा राहून जे बघितलं ते इथे लिहिणार नाही. या डोंगरात पाण्याला वाट दिल्याशिवाय काहीही टिकत नाही. तुमची पायवाट नाही, यांचा दगड नाही, माझं काँक्रीट नाही. डोंगराच्या अंगाला गटार हवं, ठरावीक अंतरावर आडवा चर हवा, पायरीला किंचित उतार हवा. गेटवरच्या पोरांनी तेच सांगितलं होतं. "इस्टिमेटात नाही" हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे, दुसऱ्या ठिकाणी. त्याचं आज वाईट वाटतंय.

पाथरवटाचा नातू

पाण्याच्या चराबद्दल बरोबर आहात. दगडाबद्दल नाही.

मिरजेहून

मी हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. तुम्ही दगड-सिमेंट भांडताय, माझ्या डोळ्यांपुढे पेशंट येतात. पावसाळ्यात चांदोलीकडून, कोयनेकडून, आंबोलीकडून आलेले घोटे आणि मनगटं. बऱ्याच जणांची इजा मोडण्यानं कमी, उचलण्यानं जास्त वाढलेली असते. मोडका पाय लोंबकळत, झोळीत हेलकावे खात, मग जीपमध्ये वाकडा करून. एकदा एक विशीतला मुलगा आला, मित्रांनी खांद्यावर टाकून आणलेला. मणक्याला लागलं होतं. खांद्यावर टाकायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी जीव तोडून आणलं होतं, आणि तो मुलगा अजून चालत नाही. म्हणून ताईंच्या यादीतलं स्ट्रेचर पहिलं घ्या. एक फळी, चार पट्टे, मानेचा पट्टा, आणि गेटवरच्या मुलांना एका दिवसाचं शिक्षण. दगड का काँक्रीट ते नंतर ठरवा.

परळी खोरं

ताई, आमाला कुनी शिकिवलं न्हाई. आमी बी खांद्यावरच घेतल्यात की. आता हे वाचून हात कापाय लागलं.

मिरजेहून

अरे, तू दोष घेऊ नकोस. तू नसतास तर ती माणसं तिथेच राहिली असती. मी शिकवायला येईन. रविवार सोडून कुठलाही वार सांग.

माचीपेठ

हे सगळं चांगलं आहे. पण पैसे? तिकीट घेणारी समिती म्हणेल आमच्याकडे नाहीत, वनखातं म्हणेल पर्यटनाकडे जा, ग्रामपंचायत म्हणेल जागा आमची नाही. जिल्हाधिकारी कलम १६३ चा मनाई आदेश काढतील, कारण तेवढंच एका सहीत होतं. मी बंद करा म्हणतो ते लोकांवरच्या रागानं, हे खरं. पण कुणी वाट दुरुस्त करेल यावर माझा विश्वासच उरलेला नाही, हेही खरं.

कोडोलीची लेक

हे तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलं असतंत तर मी हा धागा काढला नसता.

बंदीनं काय होतं ते बोरण्याच्या उदाहरणात तुम्हीच सांगितलंत. तिकिटाचा धबधबा बंद झाला की लोक घाटात गाडी लावून कठड्याबाहेर उतरतात. तिथे शिट्टीवाला नसतो, पाइपसुद्धा नसतो. आणि आपल्याच जिल्ह्यात फुलांचं कास पठार आहे. २०१२ साली जागतिक वारसा झालं, पुढे दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आधी नोंदणी करा, गाड्या लांब लावा. तिथेही भांडणं आहेत, कुंपण घातलं, मग काढलं, सगळं बघितलंय. पण फुलांसाठी माणसं मोजता येतात, तर माणसांसाठी का मोजता येत नाहीत?

घाटवाट

मोजणीला माझा पाठिंबा. पायऱ्यांना अजून नाही. आईंच्या बाबतीत मी जे लिहिलं ते बेफिकिरीचं होतं. माझी आई कधी डोंगरात आलीच नाही, मी कधी नेलंच नाही.

पाथरवटाचा नातू

परळीवाल्या भावा, ती तिसऱ्या वळणाखालची पायरी कशाची आहे? दगड का काँक्रीट?

परळी खोरं

खाली दगूड, वर सिमेंटाचा थर. थर निगून गेलाय, म्हून खोल झाली. ती पायरी आमच्यात सगळ्यांस्नी म्हाईत हाय. मागल्या साली मी आणल्याली पाचातली तीन तिथंच पडली.

पाथरवटाचा नातू

मग मधे एक चिरा बसवून दोन पायऱ्या करायच्या आणि वर टाकी मारायची. मी आणि चुलता. एक दिवसाचं काम, पाऊस उघडला तर.

साइटवरचा (कऱ्हाड)

चिरा नुसता ठेवू नका, हलेल. मागे चुना-सिमेंट भरा आणि डोंगराच्या बाजूला पाणी काढून द्या. पाइपच्या बुडाला प्लेट आणि बोल्ट मी पाठवतो. नुसता काँक्रीटमध्ये रोवलेला पाइप बुडाशी पाणी साचून गंजतो, म्हणून तो हलला. पण परवानगी आधी लेखी घ्या, नाहीतर गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.

माचीपेठ

अर्ज मी लिहून देतो. पस्तीस वर्षं कचेरीत तेच केलं. कुठल्या टेबलावर किती दिवस पडतो ते मला माहीत आहे.

कोडोलीची लेक

एक दिवसाचं काम. आईला हे सांगावं की नाही, कळत नाही.

पाथरवटाचा नातू

पायरीचा फोटो टाक भावा. शेजारी मोजपट्टी धरून. रुंदी पण दिसली पाहिजे.

परळी खोरं

उद्या सकाळी टाकतो. आज वर लय पाऊस हाय, पाणी गढूळ झालंय, समदी वर काढायला लागलोय.